बरखेड्याची बाईवाली चूल

भोपाळला जाऊन मी सांची पाहिली नाही. मोठा तलाव पाहिला तो टांग्यातून, आणि तोही डोळ्यात धूळ गेल्यामुळे एकाच डोळ्याने. परत आल्यापासून आळीतल्या बायका विचारताहेत, "मग काय काय पाहिलंत कुमुदताई?" मी "एक चूल पाहिली" म्हटलं की त्या एकमेकींकडे बघतात. बघेनात का. ज्यांना स्तूपांबद्दल वाचायचंय त्यांनी दुसरीकडे वाचावं. मी चुलीबद्दलच लिहिणार आहे.

आधी जाण्याचं कारण सांगते, नाहीतर पुढचा सगळा खुळेपणा वाटेल. मी दीड वर्षाची असताना माझी आई गेली. वडील तेव्हा भोपाळ संस्थानात सडकेच्या कामावर ओव्हरसियर होते. त्यांनी मला पुण्याला आणून आत्याच्या ओटीत टाकलं, दुसरं लग्न केलं, कराचीला नोकरी धरली आणि आईचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे तेही गेले, आणि स्वातंत्र्य आलं तेव्हा कराचीचं घरही गेलं, म्हणजे तिथे आईचा एखादा कागद असलाच तर तोही गेला. तिच्या माहेरचं प्लेगात कोणी उरलं नव्हतं. आत्याने तिला पाहिलं ते लग्नाच्या चार दिवसांत, तेही मुंडावळ्यांआडून. "कशी होती गं?" म्हणून विचारलं की आत्या म्हणायची, "बरी होती." सेहेचाळीस वर्षं मी त्या "बरी होती"वर काढली.

गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं. बरखेडा. नकाशात शोधायला गेलं तर त्या मुलखात बरखेडे पन्नास.

मग राज्यांची फेररचना झाली, भोपाळ नव्या प्रांताची राजधानी झाली आणि शहराबाहेर एक मोठा सरकारी कारखाना उभा राहू लागला. माझी आतेबहीण सुशी, तिचे यजमान माधवराव तिथे नकाशे काढण्याच्या कामावर लागले. थंडीच्या सुरुवातीला त्यांचं पत्र आलं. "ताई, आमची वसाहत होणार त्या जमिनीत बरखेडा नावाचं खेडं आहे. सडकेवर कोणी दक्खनी साहेब इथे राहत असे असं म्हातारे सांगतात. जुनी वस्ती केव्हाच उठली, पण पडक्या घरांची जोती दिसतात. महिनाअखेरच्या सोमवारी यंत्र लावून सगळं सपाट करणार. यायचं तर त्याच्या आत या."

मी त्याच दिवशी ट्रंक काढली. मला तिचं काहीतरी एक हवं होतं. काय, ते विचाराल तर मलाही सांगता आलं नसतं. तिने हात लावलेली एक वीट चालली असती.

शुक्रवार, जुनी वस्ती

प्रवासाचं काही सांगत नाही, आगगाडी सगळीकडे सारखीच काळी करते. फक्त इटारसीपासून डब्यात नागपूरची दोन कुटुंबं होती, त्यांचं सांगते. नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली म्हणून या कारकून मंडळींची बिऱ्हाडंही तिच्यामागून निघाली होती. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "घर सोडलं, मैत्रिणी सोडल्या, पण तिखट मात्र दोन डबे घेतलंय." त्यांनी मला त्यातलं थोडं कागदात बांधून दिलं. माझं जेवण किती मिळमिळीत, हे त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं म्हणे.

सुशीच्या नव्या क्वार्टरात भिंतींचा चुना अजून ओला होता. टेकलं की पाठ पांढरी. सुशीला येऊन चार महिने झालेत, तर म्हणते कशी, "जरा रुक, मी सब्जी टाकते." मी म्हटलं, "सुशे, अगं भाजी म्हण, आत्या वरून ऐकत असेल." ती म्हणाली, "आईला सांग, इथे भाजी म्हटलं की मेथी-पालकच देतात."

सकाळी आम्ही तिघं निघालो. अर्ध्या बांधलेल्या क्वार्टरांच्या रांगा संपतात तिथे गहू आणि हरभरा सुरू होतो. काळीभोर जमीन, आपल्या देशावर असते तशी. त्यापलीकडे बोरीची झुडपं वाढलेली मातीची ढेकळं, उंचवटे, आणि मध्येच दगडी जोत्यांच्या कडा. माधवराव फार व्यवस्थित माणूस. त्यांनी सगळी जोती मोजून कागदावर काढली होती. "सात घरं आहेत ताई. यातलं तुमचं कोणतं, हे कसं ठरवायचं?"

मी म्हटलं, "त्यात काय ठरवायचंय? तुळस बघायची."

माझी आई देशस्थाची सून. दारात वृंदावन नसेल असं होईल कसं? आणि तिसऱ्या जोत्यापुढे अंगणात होतंच की. चौकोनी घडीव दगड, कमरेएवढा, एका बाजूला पायरी, आणि माथ्यावर मधोमध खोलगट. तिथे माती घालून तुळस लावत असणार. मी त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला, आणि पदर डोळ्यांना लावून जी बसले ती बसलेच. सुशीही रडली. माधवराव टोपी काढून पाठमोरे उभे राहिले. मी त्या दगडाला काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. लग्न, बाळंतपणं, आत्याचं शेवटचं दुखणं, सगळं सांगितलं. मग बरोबर आणलेल्या डबीत तिथली माती भरून घेतली.

डोकं वर केलं तर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बांधावर थांबून बघत होती. बराच वेळ थांबली असावी. माधवरावांना पाहून तिने घुंगट ओढला आणि आतूनच अगदी अदबीने मला विचारलं, "बहनजी, दरोगाजी आपके कौन लगते थे?"

"कौन दरोगाजी?"

"जिनका ये पत्थर है। इसपे पाँव धर के घोड़े पे चढ़ते थे। बहुत मोटे थे।" मग थोडं थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून, "आदमी अच्छे थे।"

मी माथ्यावरच्या खोलगट जागेकडे पाहिलं. तीही म्हणाली, हओ, ती त्यांच्याच पायांनी झिजलेली.

सुशीने तोंडात पदर कोंबला. तिचे खांदे हलत होते, आणि आता ते रडण्याने नव्हते. मला असा संताप आला म्हणता. डबी तिथेच उपडी केली. म्हातारीला विचारलं, "इधर ओव्हरसियर का घर किधर है?" ती म्हणाली, "वो कौन?" ओव्हरसियर हा शब्द तिने बापजन्मी ऐकला नव्हता. नीट समजावून सांगायचं सोडून मी फणकाऱ्याने नारळ उचलला आणि चालू लागले. मागून ती म्हणाली, "इतना रोईं, पानी तक नहीं पिया। कल हमारे घर खाना खाना। गेंदाबाई का घर पूछ लेना।"

एका परक्या बाईने दरोग्याच्या घोड्याच्या दगडापुढे गळा काढला, आणि हिला तिच्या जेवणाची काळजी. वाटेत माझा राग उतरला आणि लाज वाटायला लागली.

शनिवार, गेंदाबाईकडे

म्हणून गेलो. मातीचं घर, पण कसं लख्ख. दारापुढे गेरूने सारवून त्यावर खडूच्या मातीने काढलेली चित्रं होती, मांडणे म्हणतात त्याला. आपली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसून जाते, यांचं मांडणं दिवाळीला काढलेलं अजून अंगणात होतं. साठीची बाई, पण माधवरावांपुढे घुंगट खाली आला तो आलाच, आणि त्यांचं पान बाहेर ओसरीवर. मला मात्र तिने हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. आत्याच्या घरी परक्या बाईला चुलीपाशी जाऊ दिलं असतं का? सोवळ्याच्या दोरीपलीकडून पाणीसुद्धा दुरून.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या जाड गाकरी, फोडून तुपात बुचकळलेल्या, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. मी जेवत होते आणि आमच्या गाडीत काय झालं ते सांगत होते. मला जेवताना गप्प बसता येत नाही. बोलता बोलता वाढायला वाकलेल्या तिच्या हाताकडे लक्ष गेलं. ती डाळ वाढत होती, आणि डाळीचं भांडं चुलीवरून उचललेलं नव्हतं. चुलीच्या डाव्या अंगाला, तिला जोडूनच, एक दुसरं लहान तोंड होतं. खाली लाकूड नाही, विस्तव नाही. मोठ्या चुलीचा जाळ आतल्या भोकातून तिथे येत होता आणि डाळ मंद शिजत होती.

वैल. माझा घास हातातच राहिला.

पुण्याला प्रत्येक जुन्या चुलीला वैल असतो, त्यात नवल नाही. पण इथे गेल्या दोन दिवसांत मी मजुरांच्या झोपड्यांपासून सुशीच्या शेजारणीपर्यंत डझनभर चुली पाहिल्या होत्या, त्या साऱ्या एकतोंडी.

"ये क्या है?" मी विचारलं.

"ये? ये तो बाईवाला चूल्हा है।"

"कौन बाई?"

"दक्खनी बाई थीं। सड़कवाले साहब के घर से।"

सुशी नंतर म्हणाली, ताई इतका वेळ गप्प बसलेली मी आयुष्यात प्रथम पाहिली.

गेंदाबाई सांगत गेली. ती चौदा वर्षांची नवी नवरी होऊन आली तेव्हा शेजारच्या घरात ही दक्खनी बाई राहायची. गेंदाबाईची डाळ शिजेपर्यंत रोट्या थांबायच्या, रोट्या होईपर्यंत डाळ गार व्हायची, आणि सासू दोन्हीबद्दल बोलायची. दक्खनी बाईने आठ दिवस भिंतीपलीकडून ते ऐकलं. नवव्या दिवशी ती आली, कोणाला काही न विचारता सासूची चूल फोडली आणि नवी घालायला बसली. सासूने तीन दिवस तिच्याशी भांडण केलं. चौथ्या दिवशी डाळ आणि रोटी दोन्ही गरम ताटात पडली, तेव्हा ती गप्प झाली. पुढे वस्तीतल्या पाच घरांनी तशा चुली घालून घेतल्या.

"गुस्सा बहुत था बाई में," गेंदाबाई म्हणाली. "बोलती ज़्यादा थीं, सुनती कम।"

सुशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. माझ्या सासूने, नवऱ्याने, शाळेतल्या मुख्याध्यापिकेने, सगळ्यांनी मला आयुष्यभर हेच ऐकवलंय, आणि मला वाटायचं हा अवगुण माझा एकटीचा. माझ्यात हे कोणाकडून तरी आलेलं होतं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

"मैं उनकी लड़की," मी म्हटलं.

गेंदाबाईने घुंगट मागे सारला. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "मुन्नी?"

मग बाकीचंही कळलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला होता, वडील पलीकडे कामावर अडकलेले. आईला तीन दिवस ताप, आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी दोन महिने यांच्या घरात होते. त्याच भांडखोर सासूने मला बकरीचं दूध पाजलं आणि गेंदाबाईने याच तऱ्हेच्या चुलीवरच्या डाळीत रोटी कुस्करून भरवली. वडिलांनी हे कधी सांगितलं नाही. आत्याला बहुधा ठाऊकच नव्हतं, आणि असतं तर तिने मला आधी पंचगव्य दिलं असतं.

मी उठले आणि तिच्या पाया पडायला वाकले. तिने पाय असे मागे ओढले की मागची कळशी कलंडली. "ना ना, पाप लगेगा। बेटी के पाँव तो हम छूते हैं।" आणि त्या साठीच्या बाईने वाकून माझ्या पायांना हात लावला. त्यांच्याकडे मुलीकडून नमस्कार घेत नाहीत, मुलीला करतात. आपल्याकडे मुलगी सगळ्यांपुढे वाकता वाकता म्हातारी होते. ज्यांनी मला जगवलं त्यांना सेहेचाळीस वर्षांत एक पोस्टकार्डसुद्धा गेलं नव्हतं, आणि त्या माझ्या पाया पडत होत्या.

रविवार, घर

खरं घर दरोग्याच्या दगडापासून पन्नास पावलांवर होतं. गेंदाबाईने काठीने दाखवलं तो बोरीखालचा उंचवटा आम्हाला चांगलाच ओळखीचा निघाला. शुक्रवारी त्याच्यावरच बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यालो होतो.

माधवरावांनी दोन थाप्या आणल्या होत्या. मजूर लावायला ते तयार नव्हते. "कुदळ एकदा चुकली की संपलं." मातीची भिंत पडते तेव्हा आतलं सगळं झाकून ठेवते, असं ते म्हणाले, आणि तसंच होतं. आधी जोत्याचे दगड लागले. मग कौलांचा चुरा. मग आतल्या कोपऱ्यात, जिथे गेंदाबाईने काठी टेकली होती, माती काळ्याची लाल झाली. भाजलेली माती. ऊन डोक्यावर येईपर्यंत माधवराव पोटावर पडून फुंकरीने धूळ उडवत होते. घोड्याच्या नालेच्या आकाराचं चुलीचं बूड दिसलं, आणि त्याच्या डाव्या बाजूला वाटोळा वैल. भांडं टेकायला तीन गुठळ्या, त्यातली एक तुटलेली. मधलं भोक मातीने भरलं होतं, ते त्यांनी सुशीच्या विणायच्या सुईने मोकळं केलं. मी आत बोट घातलं. बाहेर काढलं तर काजळीने काळं.

मला रडू आलं, आणि या खेपेला योग्य जागी आलं.

मला ती चूल हवी होती. माधवरावांनी फळ्या, गोणपाट, दोरी, सगळं आणलं होतं. आम्ही चौघांनी चार बाजूंनी हात घातले. जेमतेम बोटभर उचलली असेल, आणि वैल निसटून माझ्या ओंजळीत भुगा झाला. मागोमाग चूलही मधोमध दुभंगली. माधवरावांनी खाली बसून खिशातली पेन्सिल काढली आणि जे उरलं होतं त्याची मापं घ्यायला लागले, रुंदी इतकी, उंची इतकी. भल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. मी हातातली लाल माती घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी यंत्र येणार होतं. एवढ्या लांब येऊन, सापडूनही, माझ्याच हाताने मी तिचं होतं ते एकुलतं एक मोडलं होतं.

गेंदाबाई मात्र माझ्याकडे चमकून बघत होती. "टूट गया तो टूट गया। दूसरा बना लेना।"

"हमको नहीं आता।"

"क्या नहीं आता?"

"चूल्हा बनाना." मी लग्न होऊन गेले ते कोळशाच्या शेगडीवर, आणि आता तर स्टोव्ह आहे. चूल घालणं मला कोणी शिकवलंच नव्हतं.

ती थक्क झाली. "बाई की बेटी, और चूल्हा नहीं आता?" कपाळाला हात लावून ती बराच वेळ स्वतःशी काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "कल आना। मिसरोद।"

सोमवार, मिसरोद

यंत्र सकाळीच आलं. क्वार्टरात आवाज येत होता, पण मी बघायला गेले नाही. माधवराव मला होशंगाबाद रस्त्याने मिसरोदला सोडून कामावर गेले. आताचं गावही उठायचं म्हणून गेंदाबाईच्या लेकाने तिथे सासुरवाडीजवळ घर बांधलं होतं. भिंती उभ्या होत्या, छप्पर झालं होतं, चूल तेवढी राहिली होती. सूनबाई घालणार होती. गेंदाबाईने तिला बाजूला बसवलं आणि मला पदर खोचायला सांगितलं.

माती तिने आदल्या दिवशीच भिजत घातली होती. त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून पायांनी तुडवायचं. माझ्या पुणेरी पायांना ती गार माती लागली तेव्हा मी किंचाळले, सून हसली. मोठी चूल उभी राहिली, फारशी वाकडी नाही. मग वैल. चुलीच्या ओल्या भिंतीतून वैलाकडे भोक कसं ठेवायचं, तर त्यासाठी गेंदाबाईने मला लाटणं दिलं. भिंतीत तिरकं खुपसून ठेवायचं, रोज थोडं फिरवायचं म्हणजे चिकटत नाही, आणि माती सुकली की ओढून काढायचं. बाई तसंच करायच्या, ती म्हणाली. स्वतःच्या पोळ्यांचं लाटणं चिखलात घालायच्या.

माझ्या आईबद्दल मला एवढी बारीक गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती. मी लाटणं घेतलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने सरळ आत घातलं.

फाडकन माझ्या मनगटावर चापट बसली.

"तिरछा। कितनी बार बोला? सीधा डालेगी तो धुआँ मुँह पे आएगा। आग ऊपर को चढ़ती है, तो रस्ता भी ऊपर को चाहिए। बाई ने मुझे ऐसे ही मारा था, यहीं पे, और यही बोला था। एक बार में सुनना सीख।"

मी लाटणं बाहेर काढलं. मनगट झणझणत होतं. मला कोणी बोललेलं मी ऐकून घेत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी लाटणं तिरकं धरलं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसावं तर दोन्ही हात चिखलाने माखलेले.

गेंदाबाई घाबरली. "बुरा मान गईं, मुन्नी?"

"नहीं गेंदाबाई," मी म्हटलं. "और डाँटो।"